ज्याच्या त्याच्या मापाने

घरच्या गॅस सिलिंडरला हलकासा हिसका दिला की आत द्रव डचमळल्याचे हाताला कळते. रिक्षाला बसवलेल्या सीएनजीच्या टाकीत असे काही डचमळत नाही, टाकी नुकतीच पंपावरून भरून आणलेली असली तरीही. आता दोन्हींमधले दाब पाहा. घरच्या सिलिंडरमधला दाब वातावरणाच्या काही पट असतो, फार तर दहाच्या आसपास. सीएनजी भरतात तो सुमारे २०० बारला, म्हणजे वातावरणाच्या जवळजवळ दोनशे पट दाबाने. वायू दाबला की त्याचा द्रव होतो, असे आपण शाळेत शिकतो. मग दाब थोडका तिथे द्रव आणि दाब प्रचंड तिथे वायूच, असे का?

उत्तर एका आकड्यात आहे. घरच्या सिलिंडरमध्ये मुख्यतः प्रोपेन आणि ब्यूटेन असतात, सीएनजीत मुख्यतः मिथेन. या प्रत्येकाचे एक तापमान ठरलेले आहे. त्याच्या वर तो पदार्थ कितीही दाबला तरी त्यात द्रवाची पातळी उमटत नाही. प्रोपेनसाठी हे तापमान सुमारे ९७ अंश सेल्सिअस, ब्यूटेनसाठी १५२, आणि मिथेनसाठी उणे ८२.६. मुंबईची हवा तीस अंशांची धरली तर प्रोपेन आणि ब्यूटेन आपल्या मर्यादेच्या पुष्कळ खाली आहेत आणि मिथेन शंभराहून अधिक अंशांनी वर. म्हणून पहिले दोन थोड्या दाबाने द्रव होतात आणि मिथेनवर दोनशे बारही चालत नाहीत. मिथेनचा द्रव हवा असेल तर थंडीच लागते. रत्नागिरी जिल्ह्यातल्या दाभोळच्या टर्मिनलवर जहाजातून उतरतो तो नैसर्गिक वायू उणे १६२ अंशांच्या आसपास थंड ठेवलेला असतो, तेव्हा कुठे तो साध्या वातावरणीय दाबाला द्रव राहतो.

या मर्यादेला क्रांतिक तापमान म्हणतात. त्या तापमानाला द्रव करण्यासाठी लागणारा दाब हा क्रांतिक दाब. प्रत्येक पदार्थाची ही जोडी वेगळी. या पुस्तकाचा विषय वरवर पाहता ‘आदर्श नसलेले वायू’ हा आहे, पण त्याचा गाभा या जोडीत आहे. वायूंची तुलना एकाच दाबाला आणि एकाच तापमानाला केली की प्रत्येक जण वेगळा वागताना दिसतो. प्रत्येकाला त्याच्या क्रांतिक मापांनी मोजले की ते विलक्षण सारखे वागतात. याला अनुरूप अवस्थांचे तत्त्व म्हणतात. पदार्थविज्ञानात इतक्या कमी सामग्रीवर इतके दूरवर नेणारी तत्त्वे मोजकीच आहेत. अभ्यासक्रमात त्याच्या वाट्याला मात्र बहुधा एखादे पान येते, आणि तेही प्रकरणाच्या शेवटी, परीक्षा जवळ आलेली असताना. हे पुस्तक लिहिण्यामागे त्या पानाबद्दलची तळमळ आहे.

आदर्श वायूचा नियम सर्वांना ठाऊक आहे. दाब आणि घनफळ यांचा गुणाकार तापमानाच्या प्रमाणात असतो. रॉबर्ट बॉइल यांनी १६६२ मध्ये त्याचा पहिला भाग मांडला, गे-ल्युसॅक यांनी १८०२ मध्ये दुसरा पक्का केला. या नियमामागे दोन गृहीते आहेत: रेणूंना स्वतःची जागा लागत नाही, आणि ते एकमेकांना ओढत नाहीत. दोन्ही खोटी आहेत. साध्या दाबाला रेणू एकमेकांपासून इतके लांब असतात की हा खोटेपणा जाणवत नाही, इतकेच. दाब वाढवला की तो उघडा पडतो, आणि तोही दोन उलट दिशांनी. चाळीस अंशांना आणि १०० बार दाबाला कार्बन डायऑक्साइड, नियमाने सांगितलेल्या जागेच्या पावाहून जरा अधिक इतक्याच जागेत मावतो. शून्य अंशाला आणि १००० वातावरणांच्या दाबाला नायट्रोजन मात्र नियमाने सांगितलेल्या जागेच्या दुप्पट जागा अडवतो. पहिल्यात रेणूंची ओढ जिंकली, दुसऱ्यात त्यांचे आकारमान.

असे आकडे मिळवणे सोपे नव्हते. फ्रान्समधल्या एमिल आमागा यांनी पाऱ्याच्या उंच स्तंभाने दाब मोजण्यासाठी सेंत-एत्येनजवळच्या कोळशाच्या खाणीत तीनशे मीटरहून खोल पोलादी नळी सोडली होती. त्यांच्याआधी रेन्यो यांनी कित्येक वर्षे एकेका वायूचे बॉइलच्या नियमापासूनचे विचलन मोजले होते. आपण आज संगणकात एक ओळ टाकून जी संख्या मिळवतो तिच्यामागे अशी माणसे आहेत, आणि त्यांनी विचलनाला चूक मानले नाही, मोजण्याजोगी गोष्ट मानले. याबद्दल मला त्यांच्याविषयी फार आदर वाटतो.

क्रांतिक तापमानाची पहिली चाहूल लागली ती कानाला. १८२२ मध्ये शार्ल कान्यार द ला तूर यांनी बंदुकीच्या नळीत द्रव आणि गारगोटीचा गोळा घालून ती बंद केली. नळी तापवत, हलवत ते गोळ्याचा आवाज ऐकत राहिले. गोळा द्रवातून जाताना एक आवाज येई आणि वाफेतून जाताना दुसरा. एका तापमानानंतर हा फरकच ऐकू येईना. पुढे बंद काचनळ्यांत ईथर आणि अल्कोहोल तापवून त्यांनी द्रवाची पातळी नाहीशी होताना डोळ्यांनीही पाहिली. पण या निरीक्षणाचे महत्त्व त्या काळी कुणाच्या फारसे लक्षात आले नाही. पुढच्याच वर्षी फॅरडे यांनी क्लोरीन द्रवरूप केला आणि सगळ्यांचे लक्ष तिकडे वळले. एकेक वायू दाबाला आणि थंडीला शरण येत गेला. १८४५ पर्यंत सहा उरले: ऑक्सिजन, नायट्रोजन, हायड्रोजन, कार्बन मोनॉक्साइड, नायट्रिक ऑक्साइड आणि मिथेन. त्यांना ‘कायमचे वायू’ असे नाव पडले. व्हिएन्नाच्या नाटरर यांनी तर काही हजार वातावरणांपर्यंत दाब नेला, तरी हाती काही लागले नाही. सहाही जणांची क्रांतिक तापमाने शून्याच्या खूप खाली आहेत, हे तेव्हा कुणालाच माहीत नव्हते. दाब हा उपाय चुकीच्या जागी वापरला जात होता.

कोडे सोडवले बेलफास्टच्या क्वीन्स कॉलेजातल्या थॉमस अँड्रूज यांनी. वैद्यकाची पदवी घेतलेला हा रसायनशास्त्रज्ञ बारीक काचनळ्यांत कार्बन डायऑक्साइड कोंडून तो पाऱ्याने आणि स्क्रूने दाबत असे. त्यांनी हाच वायू निवडला याला महत्त्व आहे. त्याचे क्रांतिक तापमान प्रयोगशाळेच्या तापमानाच्या अगदी शेजारी आहे. अँड्रूज यांना ते ३०.९२ अंश मिळाले. आजचा आकडा ३०.९८ आहे, म्हणजे दीडशे वर्षांत सहा शतांशांचा फरक. १८६९ मध्ये रॉयल सोसायटीपुढे दिलेल्या व्याख्यानात त्यांनी जे मांडले त्याचा अर्थ असा: द्रव आणि वायू या एकाच अवस्थेच्या दोन टोकांच्या जागा आहेत, आणि एकीकडून दुसरीकडे जाताना कुठेही पायरी न लागणारा रस्ता आहे.

हा रस्ता वाचकाने मनाशी एकदा चालून पाहावा. वीस अंशांचा, कमी दाबाचा कार्बन डायऑक्साइड घ्या. हा निखळ वायू. तो ४० अंशांपर्यंत तापवा. मग दाब ७४ बारच्या वर, समजा १०० बारपर्यंत न्या. आता दाब तसाच ठेवून पुन्हा वीस अंशांपर्यंत थंड करा. नळीत आता द्रव आहे. पण तो झाला केव्हा? वाटेत एकही थेंब दिसला नाही, पातळी उमटली नाही, उकळणे नाही, साकळणे नाही. चंद्रपुरात किंवा नागपुरात मे महिन्यात पारा पंचेचाळिसाजवळ जातो तेव्हा भिंतीवर टांगलेल्या कार्बन डायऑक्साइडच्या अग्निशामक नळकांड्यात हेच घडलेले असते. आत द्रव आहे की वायू, या प्रश्नाला त्या दुपारी अर्थ उरत नाही. असे सिलिंडर उन्हात ठेवू नयेत ही सूचना सगळे वाचतात. तिच्यामागे हे कारण आहे: पातळी मोडल्यावर वाफेला पुन्हा द्रव होऊन दाब सावरता येत नाही, आणि प्रत्येक अंशागणिक तो झपाट्याने चढत जातो.

अँड्रूज यांच्या मोजमापांनी हेगमधल्या एका शाळामास्तराला झपाटले. योहानेस डिडेरिक व्हान डेर वाल्स यांचा जन्म १८३७ चा, वडील सुतार, घरात दहा भावंडांत थोरले. प्राथमिक शिक्षक म्हणून त्यांनी सुरुवात केली. विद्यापीठाच्या परीक्षांसाठी लॅटिन आणि ग्रीक आवश्यक होत्या, त्या त्यांना येत नव्हत्या. पुढे नियम बदलला आणि वाट मोकळी झाली. १८७३ च्या जूनमध्ये, वयाच्या पस्तिसाव्या वर्षी, त्यांनी वायू आणि द्रव अवस्थांच्या सातत्यावरचा प्रबंध डच भाषेत सादर केला. पुढच्याच वर्षी खुद्द मॅक्सवेल यांनी ‘नेचर’मध्ये त्याचे परीक्षण लिहिले. १९१० चे नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले ते मुख्यतः याच कामासाठी.

त्यांचे समीकरण प्रत्येक विज्ञानशाखेच्या विद्यार्थ्याने पाठ केलेले असते:

(दाब + अ ÷ घनफळ²) × (घनफळ − ब) = स्थिरांक × तापमान

इथे ‘अ’ रेणूंच्या परस्पर ओढीचे माप आहे आणि ‘ब’ त्यांनी व्यापलेल्या जागेचे. शिकवताना सहसा सांगतात की हे आदर्श वायूच्या समीकरणात केलेले दोन बदल आहेत. मग ‘अ’ आणि ‘ब’ यांचा तक्ता येतो, त्यावर एक-दोन गणिते येतात आणि प्रकरण संपते. मला ही मांडणी खटकते. तिच्यातून असे वाटते की आदर्श वायू हे सत्य आहे आणि खरे वायू त्याला जोडलेली ठिगळे आहेत. व्हान डेर वाल्स यांना ठिगळ लावायचे नव्हते. एकाच समीकरणातून वायूही निघावा आणि द्रवही, असे त्यांना हवे होते, आणि ते समीकरण तसे देते. कमी तापमानाला त्याचा आलेख मध्येच वळण घेतो आणि एकाच दाबाला तीन घनफळे दाखवतो. त्यांतले सर्वांत लहान ते द्रवाचे, सर्वांत मोठे ते वाफेचे, मधले निसर्गात टिकत नाही. तापमान वाढवत जा, तिन्ही जवळ येतात आणि एका बिंदूत मिळतात. हा क्रांतिक बिंदू. रेणूंना जागा लागते आणि ते एकमेकांना ओढतात, एवढ्या दोनच गोष्टींतून उकळणे आणि उकळण्याचा शेवट दोन्ही बाहेर पडतात.

आणि नेमकी यानंतरची पायरी वर्गात राहून जाते. तीन घनफळे जिथे मिळतात तिथे क्रांतिक घनफळ येते ३ब, आणि क्रांतिक दाब येतो अ ÷ २७ब². क्रांतिक तापमानही असेच ‘अ’ आणि ‘ब’ यांच्यात लिहिता येते. आता उलट करा. दाब बारमध्ये मोजू नका, त्या वायूच्या क्रांतिक दाबाच्या पटीत मोजा आणि त्या पटीला ‘द’ म्हणा. घनफळाचे तसेच करा, ते ‘घ’. केल्विनमधल्या तापमानाचेही, ते ‘त’. समीकरणात हे घातले की उरते:

(द + ३ ÷ घ²) × (३घ − १) = ८त

‘अ’ गेला, ‘ब’ गेला, स्थिरांकही गेला. समीकरणात कोणत्याही पदार्थाची खूण राहिली नाही. ऑक्सिजन, झेनॉन, मिथेन, सगळ्यांना हेच एक समीकरण. १८८० मध्ये व्हान डेर वाल्स यांनी हे ॲमस्टरडॅमच्या अकादमीपुढे मांडले. शिंपी जसा कापण्याची तऱ्हा एकच ठेवतो आणि छाती-खांदा ज्याचा त्याचा घेतो, तसे निसर्गाने वायूंच्या बाबतीत केले आहे.

प्रत्यक्ष आकड्यांत पाहू. सीएनजीच्या टाकीतला मिथेन २७ अंशांना, २०० बारला आहे. त्याच्या मापात तापमान क्रांतिकच्या १.५७ पट आणि दाब ४.३५ पट. हीच अवस्था आर्गॉनला हवी असेल तर त्याला सुमारे उणे ३६ अंश आणि २११ बार लागतील. नायट्रोजनला उणे ७५ अंश आणि १४८ बार. झेनॉनला १८३ अंश आणि २५४ बार. चौघांच्या खोल्या केवढ्या वेगळ्या! एक गोठवणारी, एक पोळवणारी. पण तत्त्व सांगते की चौघेही आदर्श नियमापासून सारख्याच प्रमाणात ढळलेले असतील. मिथेन या अवस्थेत आदर्श नियमाने सांगितल्यापेक्षा सुमारे वीस टक्के जास्त मावतो. म्हणजे बाकी तिघेही जवळपास तितकेच. मिथेन एकदा मोजला, की बाकीच्या तिघांसाठी आमागांची खाण खणावी लागत नाही.

इथे एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. व्हान डेर वाल्स यांचे समीकरण आकड्यांच्या कसोटीवर फारसे अचूक नाही. क्रांतिक बिंदूपाशी दाब आणि घनफळाचा गुणाकार आदर्श नियमाच्या किती पट असावा, हे ते सांगते: ३ ÷ ८, म्हणजे ०.३७५, आणि सर्वांसाठी हेच. मोजल्यावर आर्गॉनसाठी ०.२९ मिळतो, नायट्रोजनसाठी ०.२९, मिथेनसाठी जवळजवळ ०.२९. समीकरणाचा आकडा चुकला. पण सगळ्यांचा आकडा एकच असेल, हे भाकीत खरे ठरले. समीकरणातून निघालेले तत्त्व समीकरणापेक्षा जास्त खरे निघाले. पुष्कळांनी समीकरण दुरुस्त करण्याचे प्रयत्न केले. १९१८ मध्ये कोलकात्यातल्या दोन तरुणांनी, मेघनाद साहा आणि सत्येंद्रनाथ बोस यांनी, रेणूंच्या आकारमानाचा हिशेब नव्याने मांडून ‘फिलॉसॉफिकल मॅगझिन’मध्ये एक निबंध प्रसिद्ध केला. बोस यांचा तो पहिला शोधनिबंध. ज्यांची नावे पुढे ताऱ्यांच्या वर्णपटाशी आणि फोटॉनांच्या संख्याशास्त्राशी जोडली गेली, त्यांच्या वाटचालीच्या आरंभाला हा साधा वायूचा प्रश्न होता, हे आपल्या विद्यार्थ्यांना आवर्जून सांगायला हवे.

तत्त्वाची खरी परीक्षा लायडनमध्ये झाली. हाइके कामर्लिंग ओनेस १८८२ मध्ये तिथे प्राध्यापक झाले. मापनातून ज्ञानाकडे, असे त्यांचे ब्रीद होते आणि व्हान डेर वाल्स त्यांचे मित्र. १८७७ मध्ये कायेते आणि पिक्ते यांनी ऑक्सिजनचे धुके पाहिले होते, १८८३ मध्ये क्राकोमध्ये ऑक्सिजन आणि नायट्रोजन स्थिर द्रव म्हणून मिळाले, १८९८ मध्ये लंडनला ड्यूअर यांनी हायड्रोजन द्रवरूप केला. राहिला हेलियम. १८६८ च्या ऑगस्टमधल्या ज्या खग्रास सूर्यग्रहणासाठी खगोलशास्त्रज्ञ जान्सेन गुंटूरला आले होते, त्या वर्षीच्या सूर्यनिरीक्षणांतून या मूलद्रव्याची वर्णपटातली पहिली रेषा पुढे आली होती. पृथ्वीवर तो अगदी थोडा मिळे. ओनेस यांनी तो मोनाझाइट वाळू तापवून गोळा केला.

आता प्रश्न असा की जो द्रव कुणी पाहिलेला नाही त्यासाठी यंत्र किती थंडीचे बांधायचे? अंदाज एक-दोन अंशांनी चुकला तरी त्या प्रदेशात वर्षांची मेहनत वाया जाणार. ओनेस यांनी द्रवाची वाट पाहिली नाही. त्यांनी हेलियम वायू असतानाच, वेगवेगळ्या तापमानांना त्याचे आदर्श नियमापासूनचे ढळणे बारकाईने मोजले. हे ढळणे इतर वायूंच्या ढळण्याशी ताडले, आणि दोन्ही जुळण्यासाठी हेलियमचे क्रांतिक तापमान किती असले पाहिजे ते काढले. उत्तर आले केल्विनच्या पाच-सहा अंशांत. यंत्र त्या हिशेबाने उभे राहिले. १० जुलै १९०८ रोजी पहाटेपासून काम सुरू झाले, आणि संध्याकाळी काचेच्या भांड्यात हेलियमचा द्रव जमला. तो इतका पारदर्शक होता की प्रथम कुणाच्या लक्षातच आला नाही. खालून उजेड टाकल्यावर पातळी दिसली. आज मान्य असलेले हेलियमचे क्रांतिक तापमान ५.१९ केल्विन आहे. विचलनाकडे दोष म्हणून पाहणाऱ्या माणसाला ही संख्या कधीच मिळाली नसती.

हे तत्त्व इतके का चालते? रेणूंमधल्या बलाचा आलेख काढला तर साध्या रेणूंसाठी त्याचा आकार सारखा असतो: फार जवळ आले की तीव्र ढकल, थोडे दूर गेले की ओढ, आणखी दूर गेले की काहीच नाही. बदलतात ते फक्त दोन आकडे, ओढ किती जोरकस आणि रेणू केवढा. जोर क्रांतिक तापमान ठरवतो, आणि दोन्ही मिळून क्रांतिक दाब. ज्यांच्या बलाचा आकार तोच, त्यांची अवस्थाही अनुरूप. १९४५ मध्ये गुगेनहाइम यांनी निऑन, आर्गॉन, क्रिप्टॉन, झेनॉन, नायट्रोजन, ऑक्सिजन, कार्बन मोनॉक्साइड आणि मिथेन या आठ पदार्थांच्या द्रवाची आणि वाफेची घनता आपापल्या मापांनी एकाच आलेखावर मांडली. आठही जणांचे बिंदू एकाच वक्रावर बसले. पुस्तकात हा आलेख वाचकाने शांतपणे पाहावा, इतर सर्व आकृत्या घाईत पाहिल्या तरी चालतील. त्या वक्राचा शेंडा व्हान डेर वाल्स यांच्या समीकरणातल्या शेंड्याहून चपटा आहे. का, हे समजायला १९७१ पर्यंत, केनेथ विल्सन यांच्या सिद्धान्तापर्यंत, थांबावे लागले. तो भाग अवघड आहे आणि मी त्याला शेवटी ठेवले आहे.

आता तत्त्व कुठे लंगडते ते. पाण्याचे रेणू एकमेकांना दिशा पाहून धरतात, ब्यूटेनचे लांबोडके असतात, हेलियमचे इतके हलके की त्यांना पुंजयामिकीचे नियम लागतात. पहिल्या दोघांच्या बलाचा आकार आर्गॉनसारखा नाही आणि तिसऱ्याचे गतीचे नियमच वेगळे, म्हणून वक्र ढळतो. १९५५ मध्ये केनेथ पिट्झर यांनी हे ढळणेही एका आकड्यात बसवले. त्यांची युक्ती पाहा. क्रांतिक तापमानाच्या ०.७ पट तापमानाला आर्गॉन, क्रिप्टॉन, झेनॉन यांचा बाष्पदाब क्रांतिक दाबाच्या जवळजवळ नेमका दहावा भाग असतो. पाण्यासाठी ते तापमान येते १८० अंश. पाणी आर्गॉनसारखे असते तर तिथे वाफेचा दाब २२ बार असता. बॉयलरचा तक्ता सांगतो १० बार. या तफावतीच्या लॉगॅरिथमवरून पिट्झर यांनी तिसरे माप ठरवले: आर्गॉनसाठी शून्य, मिथेनसाठी ०.०११, प्रोपेनसाठी ०.१५२, कार्बन डायऑक्साइडसाठी ०.२२५, पाण्यासाठी ०.३४४. दोन मापांनी जे साधत नाही ते या तिसऱ्याने पुष्कळसे साधते. आज रसायन कारखान्यांच्या आराखड्यांत जी समीकरणे सर्रास वापरतात, १९७२ चे सोआवे यांचे आणि १९७६ चे पेंग आणि रॉबिन्सन यांचे, त्यांना प्रत्येक पदार्थाची हीच तीन मापे पुरतात. हलक्या रेणूंसाठी डी बूर यांनी वेगळे पुंजीय माप सुचवले. हेलियम-३ द्रवरूप होण्याआधीच, १९४८ मध्ये, लुनबेक यांच्यासह त्यांनी त्याचे क्रांतिक तापमान आणि बाष्पदाब काढून ठेवले. ओनेस यांनी जे केले त्याचीच ही पुढची पिढी.

अभियंत्यांसाठी हे सगळे रोजचे आहे. मुंबई हायचा वायू उरणला येतो तो शुद्ध मिथेन नसतो. त्यात इथेन, प्रोपेन, कार्बन डायऑक्साइड असे अनेक घटक असतात. अशा मिश्रणाला एकच क्रांतिक माप कसे द्यायचे? १९३६ मध्ये के यांनी सोपी वाट सुचवली: प्रत्येक घटकाचे माप त्याच्या रेणूंच्या प्रमाणात धरून बेरीज करा. १९४२ मध्ये स्टँडिंग आणि कॅट्झ यांनी नैसर्गिक वायूचा तक्ता याच पायावर काढला, आणि जगभरच्या तेलक्षेत्रांत तो वापरला गेला. नळातून गेलेला वायू मोजताना घनफळ मोजतात आणि पैसे आकारायचे असतात ते त्यातल्या वायूच्या राशीवर. दोहोंमधला दुवा म्हणजे आदर्श नियमापासूनचे ढळणे. ते वीस टक्के असेल तर बिलातही तेवढाच फरक पडतो.

पुस्तकाच्या मांडणीबद्दल थोडे सांगतो. पहिल्या चार प्रकरणांत बेरीज, गुणाकार आणि आलेख यांपलीकडे गणित नाही. अकरावीच्या विद्यार्थ्याला ती झेपावीत. कलनशास्त्र पाचव्यापासून लागते. ते टाळायचे असेल तर हेलियमचे प्रकरण थेट वाचता येईल, ते मुद्दाम स्वतंत्र ठेवले आहे. ‘अ’ आणि ‘ब’ यांचा तक्ता मी जाणूनबुजून दिलेला नाही. त्याच्या जागी क्रांतिक तापमान, क्रांतिक दाब आणि पिट्झर यांचे माप असा तीन रकान्यांचा तक्ता आहे. शेवटच्या प्रकरणातली सर्व उदाहरणे त्या तक्त्यावरून आणि एका साध्या आलेखावरून सुटतात. त्यांतले पहिले सीएनजीच्या टाकीचे आहे आणि दुसरे रुग्णालयातल्या १५० बारच्या ऑक्सिजन सिलिंडरचे. ही दोन्ही वाचकाने पेन्सिल घेऊन स्वतः सोडवावीत, उत्तरे मागच्या पानावर आहेत.